पाच दगडांची उतरंड

११ ऑक्टोबर

माझी घडीची खुर्ची तुमच्या गाडीच्या डिकीत राहिली आहे, आणि आठ दिवस झाले तरी तिची आठवण कुणाला नाही. मी इथे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहिते आहे. स्टुलाला पाठ नाही. मला आहे, आणि ती दुखते.

टिटवे, आता आशीर्वाद. तुझं बरं चाललं असेल असं धरते. तुझ्या वयात बरं नसायला काय झालं.

फोन का करत नाहीस म्हणशील, तर फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यात तुम्ही लोक खोटं बोलता. तीस वर्षं शाळेत झाडू मारला, फळे पुसले. पुसताना जेवढी अक्षरं हाताला लागली तेवढ्यावर माझं भागतं. शुद्धलेखन तपासू नकोस.

सहलीचं म्हणशील तर डोंगर चांगला होता. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर मला वाटलं बाग असेल, बाकं असतील. बघते तर नुसता रस्ता, एकीकडे कडा आणि एकीकडे खोल दरी. बत्तीस वळणं मोजली मी. प्रत्येक वळणावर गाडी थांबवायची, कठड्याला टेकायचं आणि फोटो काढायचा. दरी एकच, फोटो चाळीस. मग तू आणि तुझी आई नारिंगी जाकिटं घालून तळ्यात दोन भोपळे तरंगावेत तशा तरंगायला गेलात. हौसेला मोल नाही, हे खरं.

आणि तुझ्या बापाचं काय सांगावं. सव्वीस वर्षं शहरात बस चालवणारा माणूस. एका टेकाडावर जायचं, वरून खाली बघायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं, एवढं काम. तेही एकट्याला जमलं नाही. मी गाडीतळाजवळच्या फाट्यावर जागा साफसूफ करून खुर्ची टाकून बसले होते. धुकं उतरलं, थंडी हाडात शिरली, म्हणून उठून गाडीत आले. मला कोणी वाट चुकलेली पाहिली? आणि हे महाशय पाच तास गायब. पंधरा माणसं शिट्ट्या वाजवत डोंगर पालथा घालतात आणि हे ओढ्याच्या कोरड्या पात्रात पाय मोडून बसलेले.

रात्री गाडीतळाशेजारच्या विश्रामगृहात जेवताना मी म्हटलं ते तुला झोंबलं, मला दिसलं. यांच्या गळ्यात पत्त्याची चिठ्ठी बांधा, असं म्हटलं. सगळे हसले की. ते वनरक्षकसुद्धा हसले.

खुर्ची पाठव. कोणी येत असेल त्याच्याबरोबर दे, टपालाला भरमसाट पडेल.

आजी

*

१९ ऑक्टोबर

आजी,

खुर्ची शेजारचे काका घेऊन येतील, ते रविवारी तुझ्या बाजूला निघालेत. एक पाय वाकला आहे, तो आमच्याकडून नाही, आधीपासूनच होता.

बाबांचा पाय प्लास्टरमध्ये आहे. सहा आठवडे घरी. पहिले चार दिवस मजेत गेले. डेपोतले लोक भेटायला आले, त्यांनी बाबांचं नाव होकायंत्र ठेवलं आहे. कंडक्टरकाकांनी तर प्लास्टरवर पेनानं चारी दिशा लिहिल्या. बाबाही हसले. पण लोक गेले की ते एकटेच खिडकीशी बसून राहतात.

मी दोनदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं. तुला माहीत आहे ना ते रस्ता कसा लक्षात ठेवतात. पाट्या बघत नाहीत, खुणा बघतात. निळं गेट गेलं की ब्रेक, पडका नळ आला की तिसरा थांबा. डोंगरावर जातानाही त्यांनी तसंच केलं. फाट्यावर दगडांची उतरंड, एकावर एक पाच दगड, आणि तिच्यापुढे दहा पावलांवर वाकडं झाड. परत येताना झाड गेलं की उतरंडीपाशी डावीकडे वळायचं. तिथल्या सगळ्या पायवाटांवर तशा उतरंडी असतात, धुक्यात वाट दिसावी म्हणून वनखात्याचे लोक रचून ठेवतात.

येताना वाकडं झाड लागलं. पुढे उतरंड नव्हती. म्हणून त्यांना वाटलं की फाटा अजून यायचा आहे, आणि ते सरळ चालत राहिले. सरळ म्हणजे ओढा.

इथवर ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी ते वनरक्षकांनी पायाला बांधलेल्या फळीसकट माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत तिथवर गेले, आठवतं? उतरंड होती, आजी. पाचही दगड जागच्या जागी. बाबा तिथेच खाली बसले. मला वाटलं पाय दुखतोय.

तू त्या फाट्यावर बसली होतीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठायच्या आत तिकडेच फिरूनही आलीस. तुला ते दगड दिसले होते का? आठवून लिही.

तुझी टिटवी

*

२७ ऑक्टोबर

खुर्ची मिळाली. पाय आधी सरळ होता. पण जाऊ दे.

माझा खांदा आखडला आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. इथे खालच्या दुकानदारानं नवीन शटर बसवलं आहे. ते सकाळी सहाला असं ओरडतं की शाळेची घंटा बरी. मी त्याला सांगितलं की तेल घाल, तो म्हणतो घातलंय. वरच्या बाईनं मांजर पाळलं आहे.

दगडांचं तू काय विचारतेस. डोंगरावर दगड नसतील तर काय उशा असतील? मी म्हातारी बाई, माझं लक्ष माझ्या गुडघ्यांकडे. धुक्यात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे दगड कुठून दिसणार. कोणालाही झालं असतं. हे त्यांना सांग. कोणालाही झालं असतं, असंच सांग, माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल.

आणि तो विषय आता घरात काढू नका. उगाळून काही चंदन निघत नाही.

सोबत लोकरीचा मोजा आहे. एकच विणला आहे, प्लास्टरवरून चढेल असा मोठा. बोटं उघडी राहतात त्यांची, थंडी वाजत असेल.

आजी

*

१६ नोव्हेंबर

आजी,

आईनं मोजा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, माझ्या आईनं यांच्यासाठी सव्वीस वर्षांत साधा रुमाल शिवला नाही. बाबा तो मोजा प्लास्टर निघाल्यावरही घालून बसतात.

प्लास्टर लवकर निघालं, हाड नीट जुळलं आहे. पण पत्र त्यासाठी नाही.

मागच्या सोमवारी ते कामावर गेले. त्यांचा नेहमीचाच मार्ग, एकोणीस वर्षांचा. शाळेच्या थांब्याच्या आधी त्यांनी बस कडेला घेतली आणि थांबले. कंडक्टरकाका पुढे गेले तर बाबा त्यांना विचारतात, इथे डावीकडेच ना? काका हसले, त्यांना वाटलं गंमत करतात. बाबा हसले नाहीत. डावीकडेच होतं, आजी. त्यांना माहीत होतं. पण आपल्याला माहीत आहे यावरच त्यांचा विश्वास राहिला नाही.

मी त्यांना माझ्या चष्म्याच्या दुकानात नेलं आणि स्वतः डोळे तपासले. मी रोज वीस माणसांचे तपासते, माझी चूक होणार नाही. नंबर आहे तोच आहे. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहात. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, माझ्या वडिलांनाही आधी असंच म्हणाले होते.

तुला आजोबांचं ठाऊकच आहे. शेवटी शेवटी ते स्वतःच्याच दारासमोर उभे राहून शेजाऱ्यांना घर विचारायचे. बाबांनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पत्ता लिहून ठेवलेला असायचा. तुझ्या लक्षात नसेल आलं तेव्हा जेवताना. आई मात्र ते विसरलेली नाही.

आता बाबा सगळं लिहून ठेवतात. कोणत्या थांब्यानंतर कोणता. गॅस बंद केला. किल्ली हुकाला लावली. खिशात वही असते. ते म्हणतात की त्या दिवशी एकतर नसलेले दगड मला जाताना दिसले, नाहीतर असलेले येताना दिसले नाहीत. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पन्नास माणसं मागे बसवून मी गाडी चालवायची नाही. एक डिसेंबरला ते परवाना जमा करणार आहेत. डेपोच्या साहेबांना सांगूनही आले. साहेब म्हणाले की विचार करा, तर म्हणाले, विचारावरच तर भरवसा नाही.

तू यावर त्यांना काही लिहू नकोस. टोमणा तर नकोच नको. मी तुला फक्त कळवते आहे, कारण आई कळवणार नाही.

टिटवी

*

२० नोव्हेंबर

परवाना देऊ नका म्हणावं. त्यांचं डोकं जागेवर आहे. मला ठाऊक आहे. कारण मागून लिहीन, आता हात चालत नाही.

आजी

*

२४ नोव्हेंबर

आजी,

तुझं कार्ड मी बाबांना दाखवलं नाही. मला ठाऊक आहे, असं तू लिहिलंस. तुला काय ठाऊक आहे, कसं ठाऊक आहे? मी तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. पहिल्यात तू म्हणतेस, जागा साफसूफ करून बसले. साफसूफ म्हणजे काय केलंस?

मी तुला ओळखते. आमच्याकडे आलीस की तू आधी दारातल्या चपला ओळीनं लावतेस, मग पाणी पितेस.

परवाना द्यायला सात दिवस आहेत. तुझं पत्र यायला तीन लागतात. हात चालत नसेल तर खालच्या दुकानदाराकडून लिहून घे. पण लिही.

टिटवी

*

२७ नोव्हेंबर

जावईबापू,

हे पत्र तुम्हाला आहे. पाकिटावर तुमचंच नाव घातलं आहे. सव्वीस वर्षांत तुम्हाला मी एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे दचकाल. दचका.

दुकानदाराकडून लिहून घे असं टिटवी म्हणते. हे दुसऱ्याच्या हातानं लिहिण्यासारखं नाही. चार कागद फाडले, हा पाचवा.

दगड मी काढले.

तुम्ही वर गेल्यावर मी फाट्यावर खुर्ची टाकली. समोर ऐन वाटेत दगड रचलेले. मला वाटलं कोणी रिकामटेकड्यानं खेळ केला आहे. शाळेत मी तीस वर्षं रोज सकाळी मैदानातले दगड उचलून भिंतीकडेला टाकत आले, पोरं पळतात, ठेचकाळतात, गुडघे फुटतात. हाताला सवय. एक एक उचलला आणि झुडपाखाली सारला. वर बुटाने माती सारखी केली. छान दिसत होतं. मला बरंही वाटलं, की बसल्या बसल्या काही काम झालं. मग धुकं आलं आणि मी गाडीत गेले.

एवढंच असतं तर मी हे पत्र पहिल्याच दिवशी लिहिलं असतं. अडाणी बाई, तिला डोंगरातलं काय कळतं, असं म्हणून तुम्ही सोडलंही असतं. पण पुढचं ऐका.

तुम्ही आला नाहीत तेव्हा चार वाजता तो वनरक्षक आला. त्यानं गाडीच्या टपावर नकाशा पसरला आणि तुमच्या बायकोला समजावून सांगितलं की फाट्यावर उतरंड आहे, ती बघितली की माणूस चुकत नाही, तेव्हा साहेब वरच कुठेतरी अडकले असणार. मी गाडीत बसले होते, काच खाली होती. सगळं ऐकू आलं. एरवी मला निम्मं ऐकू येतं, त्या दिवशी सगळं आलं.

तेव्हाच कळलं की मी काय केलं आहे. तोंड उघडायला हवं होतं. वर नाही, ओढ्याकडे बघा, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. ते सगळे वर गेले. दोन तास वर शोधत होते, आणि तुम्ही खाली, हाकेच्या अंतरावर, मोडका पाय घेऊन. मी काच वर केली. थंडी वाजते म्हणून केली असं लिहिणार होते. ते खोटं आहे. लेकीचं रडणं ऐकवत नव्हतं.

का बोलले नाही, ते तुम्हाला सांगायला हवं. मोठं काही कारण नाही. ओरडा बसेल म्हणून. शाळेत काच फुटली की मी सगळ्या वर्गाला उन्हात उभं करायचे. ज्यानं फोडली त्यानं पुढे यावं, नाहीतर सगळे उभे. कधीतरी एखादं पोर थरथरत पुढे यायचं. मी त्याच्यावर तोंडाचा पट्टा सोडायचे. मोठं धाडस होतं त्या पोरांचं, आता कळतं. त्र्याहत्तराव्या वर्षी मला ते झालं नाही.

तुम्हाला आणलं तेव्हा तुमचे ओठ निळे होते. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, दगड नव्हते. सगळ्यांनी माना डोलावल्या, आजारी माणसापुढे डोलावतात तशा. आणि मग जेवताना मी ते चिठ्ठीचं बोलले. तुमच्या वडिलांच्या खिशातला पत्ता मी विसरले नव्हते. टिटवीला वाटतं की मी विसरले. मला पक्कं आठवत होतं. जिथे लागेल तिथेच मारलं, म्हणजे सगळे तुमच्याकडे बघून हसतील आणि माझ्याकडे कोणी बघणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तुम्ही पण हसलात.

झोप लागली नाही. उजाडता उजाडता मी गेले आणि झुडपाखालून दगड काढून पुन्हा रचले. मला वाटलं, आता झालं, जसं होतं तसं केलं, फिटलं. दोनदा ढासळले, तिसऱ्यांदा राहिले. परत आले आणि तुमच्याआधी चहा प्यायले. मग तुम्ही लंगडत तिथे गेलात आणि ते बघून खाली बसलात.

मी खोलीच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही बसलात ते मी पाहिलं. पाय दुखतोय असं मीच सगळ्यांना सांगितलं.

तुमचा पाय ओढ्यानं मोडला, तो जुळला. पण तुमचं डोकं मी मोडलं, दगड काढून नव्हे, परत ठेवून. काढलेले तसेच असते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना दाखवलं असतंत, की बघा, नाहीत. तुमच्या खऱ्याला मी माझ्या हातानं खोटं केलं. हे मला टिटवीचं पहिलं पत्र आलं तेव्हाच समजलं. त्यावर मी मोजा विणला. मोजा. विणताना मनात म्हणत होते, प्लास्टर निघेल, हे विसरतील. लाज इतकी होती की टाके मोजता येत नव्हते, तीनदा उसवला, आणि तरी खरं लिहायचं सोडून मोजाच विणला.

लोक म्हणतात सांगितल्यावर हलकं वाटतं. मला काही हलकं वाटत नाही. सकाळपासून मी आरशासमोरून जाताना मान वळवते आहे.

तर आता ऐका. तुम्हाला जाताना दिसले ते दगड होते. येताना दिसले नाहीत ते नव्हते. दुसऱ्या दिवशी होते ते मी ठेवलेले. तिन्ही वेळा तुम्ही बरोबर होतात. त्या डोंगरावर त्या दोन दिवसांत तुमच्याइतकं बरोबर दुसरं कोणी नव्हतं. तुमच्या वडिलांचा आजार तुम्हाला नाही. असला तर पुढे कधी येईल, तो कोणालाही येतो, पण त्या दिवशी आलेला नव्हता.

वही बंद करा. परवाना खिशात ठेवा. डेपोच्या साहेबांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, ह्यातलंच सगळं, सहीसकट, आणि आजच टाकलं. ते तिथे सगळ्यांना वाचून दाखवा असंही लिहिलं आहे. तुम्हाला सगळ्यांच्या तोंडावर हसवलं, तर मला चार भिंतींआड माफी मागून कसं चालेल. वनखात्यालाही कळवते, म्हणजे पुढच्या म्हाताऱ्यांना ते आधीच सांगतील.

हे पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचा. लेकीसमोर वाचा. ती उठून जाईल, जाऊ द्या, तिला थांबवू नका आणि माझी बाजू घेऊ नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, वयस्कर आहेत. ते म्हणायचं नाही. मी वयस्कर होते म्हणून हे झालं नाही.

सणसणीत उत्तर लिहा. मी वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं आता पुरे झालं. रोज दाराशी जाईन. उत्तर लेकीनं लिहायचं नाही. टिटवीनं तर मुळीच नाही, ती गोड करून लिहील. तुम्ही लिहायचं, जावईबापू, तुमच्या हातानं, आणि माफ केलं असेल तरच तसं लिहायचं.

सासूबाई